मॅडम माहेरी गेल्या

दौलतकाकांच्या घरी गेलं की पाण्याच्या पेल्याआधी भिंतीकडं बघावं लागायचं. तिथं खुंटीवर बारा बोरची, परवान्याची बंदूक. "पहिले मॅडमले रामराम घाल," काका म्हणणार. रानडुकरांसाठी घेतलेल्या या मॅडमनी एखादं डुक्कर पाडलेलं मी कधी पाहिलं नाही. रोज सकाळी खोबरेल लावून पुसल्या मात्र जायच्या.

आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बी.ए., समाजशास्त्र. हे मी सांगतोच. त्यामुळं काकांशी वाद घालणं मला माझं कामच वाटायचं.

"मॅडम हाये म्हणून गावात चोरी नाही," काका म्हणायचे.

"शेजारच्या गावात एकही बंदूक नाही काका. चोरी तिथंही नाही."

"तिथवर धाक जाते ना हिचा!"

"आणि शहरात एवढे परवाने, तरी घरं फुटतात?"

"ते लोकं रोज पुसत नाहीत."

यापुढं समाजशास्त्र काय करणार?

मग जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. काकांनीही केली. "मॅडम माहेरी गेल्या," म्हणाले. दहा दिवस झाले, गावातून साधी कोंबडी गेली नाही. हा मुद्दा घेऊन मी सकाळीच त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

तोंड उघडणार तोच त्यांचा मुलगा गजानन वावरातून धावत आला. कपाळ फुटलेलं, डोळ्यात रक्त उतरलेलं. शेजाऱ्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नांगर घातला, त्यावरून झालं होतं, हे मागून कळलं. तो सरळ आत गेला आणि खुंटीकडं हात नेला.

हात हवेतच राहिला. रागात विसरला होता.

"कुठी हाये ते?" तो ओरडला.

काका दारात आडवे उभे राहिले.  "जमा केली ना बापा. तुह्यासमोरच तं नेली."

गजानन रिकाम्या खुंटीकडं बघत राहिला.  मग भिंतीला टेकून खाली बसला आणि पाणी मागितलं.

माझा मुद्दा मी तसाच घरी नेला.

निवडणूक संपली. तालुक्यातल्या बाकीच्यांनी आपापल्या बंदुका आणल्या. काका मात्र कोणी विचारलं की सांगायचे, "मॅडमचं माहेरपण सरून नाही राह्यलं." एका दुपारी माझ्याकडं आले. हातात परवान्याच्या जुन्या अर्जाची नक्कल होती.

"तू शिकला हायेस. अर्ज लिहून दे. परवाना वापस कराचा हाये."

"कारण काय लिहू?"

त्यांनी तो पिवळा पडलेला कागद पुढं सरकवला. कारण एका ओळीत होतं : शेत जंगलाला लागून, घरी लहान मूल आहे.

"हेच लिही."

"काका, गजानन सव्वीसचा झाला."

"मले मोजता येत नाही काय? जंगलाचं काट. लेकराचं राहू दे."

मी लिहिलं. काकांनी सावकाश सही केली, उठले आणि दारातून परत फिरले.

"गावात बोलू नको बरं. चोरायले माहीत होईन."