घरी बसलेला श्रीनाथ

घरून काम कसे करायचे हे आमच्या कार्यालयात फक्त मला कळले होते, असे माझे ठाम मत होते. कार्यालय सरकारी, डिचोलीत आहे. कोणते ते सांगत नाही, अजून तिथेच नोकरीला आहे. तीन दिवस कार्यालयात आणि दोन दिवस घरून, अशी नवी व्यवस्था आली तेव्हा बाकीचे भांबावून गेले. मी मात्र चोपड्याच्या आमच्या घराच्या बल्कावात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, टेबल मांडले, लॅपटॉप पुसला आणि आईला एका वाक्यात सगळे समजावून दिले.

"आई, साहेबांनी मला घरी बसायला सांगितलंय."

आता हे वाक्य मला तेव्हा अगदी बिनचूक वाटले होते. आई चहा ठेवून आत गेली आणि देवाजवळ दिवा लावला. सकाळी दहा वाजता दिवा कशाला, असे माझ्या मनात आले, पण समोर फाइल उघडली होती.

अकराच्या सुमारास शेजारचा बाबली आला. बाबलीची होडी आहे, नदीत मासे मारतो. त्याने आधी लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"कित्याक बसयलो रे तुका घरी?"

"बसवला नाही. मी काम करतोय."

"पगार?"

"पुरा मिळतो."

"असाच सांगतत सगळे," बाबली म्हणाला आणि धीर द्यायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भिया नाका. आमी आसंव मरे."

मी त्याला व्यवस्था पहिल्यापासून समजावली. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, पण तापात बडबडणाऱ्या माणसापुढे हलवतात तशी. जाताना आईशी दारात हळू आवाजात काहीतरी बोलला आणि दोघांनी वळून माझ्याकडे पाहिले.

दुपारच्या आत ही बातमी वाळपईला पोचली. वाळपईला समीक्षा राहते. आमचे लग्न ठरले होते, येत्या रविवारी साखरपुडा होता. तिच्या वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, "रविवारचं जरा पुढे ढकलूया. घाई कशाला?" गेल्या आठवड्यात घाई त्यांनाच होती. मी कारण विचारले, तर म्हणाले, "तुम्हांला माहीत आहे." मला काहीच माहीत नव्हते. मी घाबरलो, पण तीन वाजता साहेबांची ऑनलाइन बैठक होती, म्हणून आधी ती उरकावी असे ठरवले.

बैठक छान चालली होती. पडद्यावर साहेब होते, अक्षय होता, बाकी मंडळी होती. साहेब म्हणाले, "एक मिनिट थांबा, मी मागचा पत्रव्यवहार शोधतो." तेवढ्यात पाणी पिऊन येतो म्हणून मी आत गेलो. लॅपटॉप चालूच होता.

नेमकी त्याच वेळी कोरगावहून चंद्रावती मावशी आली. आमचे लग्न तिनेच जुळवले होते. बल्कावात चढून तिने माझी रिकामी खुर्ची पाहिली आणि मोठ्याने गळा काढला. "कामावरसून गेलो रे माझो श्रीनाथ! सोन्यासारख्या कामावरसून गेलो!" आई धावली, तीही रडू लागली. मी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर येतो, तर वीज गेलेली. विजेबरोबर इंटरनेट गेले, आणि आमच्याकडे वीज गेली की पाठोपाठ मोबाइलचा टॉवरही जातो.

आमच्याकडची रेंज तुटत तुटत जाते. कामावरसून, सोन्यासारख्या वगैरे शब्द वाटेतच पडले. डिचोलीला पोचले ते एवढेच: "गेलो रे माझो श्रीनाथ... गेलो." समोर रिकामी खुर्ची, रडणाऱ्या दोन बायका आणि मग काळा पडदा. हे मला नंतर कळले.

तेव्हा मी फक्त बैठक अर्धवट सुटल्याच्या काळजीत होतो. मावशीची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण मी बोललो की तिला जास्तच भरून यायचे. वीज तासभर आली नाही. शेवटी फोन घेऊन चालत शिवोलीच्या पुलाकडे निघालो. तिथे पलीकडच्या टॉवरची रेंज मिळते. साहेबांना फोन लावला. वारा सुटला होता, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"हॅलो साहेब, मी..."

"काही बोलू नका," साहेबांचा आवाज घोगरा झाला होता. "मला कळतंय. धीर धरा. आम्ही पोचतोच आहोत." आणि फोन बंद झाला.

धीर कशासाठी धरायचा ते मला कळेना. एवढ्यात पुलावरून आमच्या कार्यालयाची जीप आली. मी हात केला. मागच्या सीटवर अक्षय होता. त्याने मला पाहिले, त्याचा चेहरा पिठासारखा झाला आणि जीप सरळ पुढे गेली. ती आमच्या घराच्या दिशेने वळली. घरी काहीतरी झाले होते. आई? मावशी? मी धावत सुटलो.

जीप गावात शिरताना बाबलीनेही पाहिली होती. सरकारी गाडी, पांढरे कपडे, गंभीर चेहरे. त्याने एकच अर्थ काढला: चौकशी आली, घराची झडती होणार. शेजारधर्म म्हणून तो मागच्या दाराने आमच्या घरात शिरला, बल्कावातला माझा सरकारी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि होडीत जाळ्याखाली ठेवून नदीत निघून गेला.

मी मागच्या दाराने आत आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत साहेब आईसमोर खाली मान घालून बसले होते. मी धापा टाकत पडद्याआड थांबलो. आई दिसली, मावशी दिसली. दोघी धडधाकट होत्या.

"दुपारी माझ्याशी चांगला बोलत होता हो," साहेब म्हणाले.

"तुमी मनात आणलास तर तेका परत घेऊक येवचा नाय?" आईने विचारले.

साहेब दचकले. "परत? आई, ते माझ्या हातात नाही. ते वरून ठरतं."

"मग वरच्यांका सांगा."

"वरच्याला कोण सांगणार?" साहेबांनी डोळे पुसले.

"आमी कोर्टात गेलो तर?"

पडद्याला लागूनच अक्षय पाठमोरा उभा होता, हातात म्हापशाहून आणलेला मोठा हार. म्हणजे कोणीतरी नक्की गेले होते. मी हळूच त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"अक्षय, कोण गेलं?" मी कुजबुजलो.

"आपला श्रीनाथ," तो न वळताच म्हणाला.

मला फार वाईट वाटले. आपल्या कार्यालयात दुसरा श्रीनाथ कोण, तेही आठवेना.

"कसा गेला?"

"घरून काम करताना," अक्षय म्हणाला, आणि मग वळला.

तो खाली बसला. पडला म्हणत नाही, कारण तो अजूनही म्हणतो की आपण बसलो. साहेब उठून उभे राहिले, त्यांनी मला नखशिखांत पाहिले. पुढचा काही वेळ सगळे एकदम बोलत होते. मी गेलो नाही आणि माझी नोकरीही गेली नाही, या दोन गोष्टी दोन वेगळ्या गटांना पटवायला चांगलाच वेळ लागला. दोन्ही गट एकमेकांकडे संशयाने बघत होते.

शेवटी प्रश्न उरला हाराचा. बल्कावाखाली निम्मे गाव जमले होते. साहेबांनी हाराकडे पाहिले, गावाकडे पाहिले, आणि दुसरे काही न सुचून तो माझ्या गळ्यात घातला. गावाने टाळ्या वाजवल्या. बाबलीने ते नदीतून पाहिले आणि होडी वळवली. लॅपटॉप सुरू झाला. वास मात्र आजही येतो. बैठकीत तो पडद्यापलीकडे जात नाही एवढेच.

संध्याकाळी समीक्षाचा फोन आला. वडिलांचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"एकच विचारते. नोकरी गेलीय?"

"नाही."

"मावशी म्हणतात तुम्हांला हार घातला. मेलात का?"

"नाही."

"मग रविवारी येतो आम्ही. बाबांना मी बघते." तिने फोन ठेवला. इतक्या कमी शब्दांत माझी बाजू त्या दिवशी दुसऱ्या कोणाला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीला गेलो. साहेबांनी आत बोलावून सांगितले की यापुढे मी पाचही दिवस कार्यालयातच यावे, त्यांच्या डोळ्यांसमोर. मी हो म्हणालो. बाहेर अक्षय थांबला होता. जरा अडखळला, मग म्हणाला, "राग मानू नका, पण सांगून ठेवतो. काल तुमच्यासाठी शोकसभा झाली आणि सगळ्यांना उरलेला दिवस सुट्टी मिळाली. साहेब म्हणतात, तुमच्या नावाची सुट्टी आता संपली. पुढे खरंच गेलात तर तेवढं एखादा रविवार बघून जा."