केळुसकरांचा बाकड्यांचा युरोप

युरोपची संस्कृती इतकी शतकं टिकून आहे ती चर्चमुळे नाही, किल्ल्यांमुळे नाही आणि चित्रकारांमुळे तर नाहीच नाही. ती टिकून आहे बाकड्यांमुळे. हे मत माझं नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या केळुसकरांचं आहे, आणि ते त्यांनी प्रत्यक्ष बसून बनवलेलं आहे.

शारजात, अल नहदाच्या आमच्या टॉवरमध्ये लोक शहरं बघत नाहीत, 'करतात'. ईद जवळ आली की लिफ्टमध्ये चौकशी सुरू होते. "यंदा काय करताय?" "प्राग करतोय. गेल्या ईदला व्हिएन्ना केलं." चंद्र दिसायच्या आधीच तिकिटं काढलेली असतात, त्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक अकाउंटंट खगोलशास्त्रज्ञ असतो. एक किल्ला, एक पूल, एक बाहेरून पाहिलेलं संग्रहालय आणि फ्रिजवर एक मॅग्नेट, की शहर झालं. परत आल्यावर सगळे फोटो दाखवतात. केळुसकर दाखवत नाहीत.

"प्राग कसं होतं?" असं विचारलं तर म्हणतात, "पुलाच्या अलीकडे सोय चांगली. पुलावर उभं राहावं लागतं."

"व्हिएन्ना?"

"अव्वल. राजवाड्याच्या बागेत पाठ टेकता येते."

"आणि रोम?"

"रोमचं नाव काढू नका. पायऱ्यांवर बसलो तर पोलिसाने उठवलं. एवढं मोठं साम्राज्य, आणि टेकायला जागा नाही. खलास!"

हे एवढं बोलणंसुद्धा त्यांच्या हिशेबाने पुष्कळ झालं. दुबईतल्या रास अल खोरला टाइल्स आणि नळांच्या एका गोदामाचे ते मॅनेजर. माझं ऑफिस त्यांच्या वाटेवर, म्हणून रोज सकाळी मी त्यांच्याच गाडीतून जातो. दुबईच्या हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये आमचं निम्मं आयुष्य गेलं. त्यात केळुसकर जे काही बोलले ते बहुतेक पुढच्या गाडीला उद्देशून, आणि तेही "यल्ला", म्हणजे 'चला', एवढंच. मला बढती मिळाली ती बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हं." दोन सिग्नल गेल्यावर म्हणाले, "चांगलं आहे." त्या दिवशी मला ते मोकळे झाल्यासारखे वाटले.

गेल्या ईदला माझी बायको आईकडे पुण्याला गेली होती. मी आणि माझी मुलगी ईशा, केळुसकर आणि नलूवहिनी, असे आम्ही मिळून बुडापेस्ट करायला निघालो. आणि तिथे मला हा माणूस नव्याने भेटला.

पहिल्याच दिवशी, नदीकाठी फिरताना केळुसकर एका बाकड्यापाशी थांबले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "नलू, बस. इथला इतिहास सांगतो." वहिनी बसल्या. मग केळुसकर बोलायला लागले. एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, धाकटीचा भाऊ पाताळयंत्री होता, त्याने नदीत सोनं बुडवलं. मी थक्क झालो. या आवाजाला एवढी वाक्यं येतात हे मला ठाऊकच नव्हतं. इतिहासही मला ठाऊक नव्हता, पण तो कुणालाच ठाऊक नसावा.

ईशाने फोनवर शोधून पाहिलं. "डॅड, ही इज मेकिंग इट अप."

"हळू बोल."

"अँड ही ओन्ली डज इट व्हेअर देअर इज अ बेंच."

पोरीचं म्हणणं खरं होतं. संसदेची ती भव्य इमारत समोर आली, सगळं जग तोंड वर करून उभं राहिलं, आणि केळुसकर एक शब्द न बोलता पुढे गेले. तिथे बसायला जागा नव्हती. पुढच्या गल्लीत एका बंद दुकानासमोर बाकडं दिसलं आणि तिथे मात्र तुर्कांची स्वारी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली म्हणून मी चालायला बाहेर पडलो, तर केळुसकर चौकातल्या बाकड्यावर बसून बूड हलवून त्याची मजबुती पाहत होते. मला बघून ओशाळले.

"काय हो, एवढ्या सकाळी?"

"रूट बघून ठेवतो. नलू उठायच्या आत." मग म्हणाले, "तिचे गुडघे. लिस्बनच्या चढावर पहिल्यांदा धरले. 'बस जरा' म्हटलं तर ती बसायची नाही. तुम्हाला माहीत आहे ती."

मला माहीत होतं. नलूवहिनी शारजातल्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. आमच्या टॉवरमधली मोठी झालेली मुलं अजून त्यांना पाहून पाठ ताठ करतात. बसमध्ये कुणी जागा दिली तर त्या देणाऱ्याकडे असं बघतात, की तो बिचारा पुढच्याच स्टॉपवर उतरतो.

"म्हणून इतिहास," केळुसकर म्हणाले. "इतिहासाला ती नाही म्हणत नाही."

त्या दिवशी टेकडीवरचा राजवाडा करायचा होता. वर जायला रुळांवरून चढणारी छोटी गाडी आहे. वहिनींनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "म्हाताऱ्यांसाठी आहे ती," म्हणाल्या, आणि पायऱ्यांकडे वळल्या. केळुसकर मागून शांतपणे चढत होते. अर्ध्या वाटेवरचं बाकडं त्यांनी पहाटे पाहून ठेवलं होतं. आम्ही तिथे पोचलो तर त्याच्याभोवती फीत बांधलेली आणि एक माणूस त्याला हिरवा रंग देत बसलेला.

केळुसकरांचा चेहरा पडला. गोदामात पाणी शिरलं तेव्हाही तो इतका पडला नव्हता. "इथेच थांबा. आलोच," असं म्हणून ते खालच्या वळणाकडे जवळजवळ धावत गेले.

ते दिसेनासे झाले आणि वहिनींनी पदर खोचला. "ईशा, चल." आणि त्या पायऱ्या चढून गेल्या. चढून म्हणजे, शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजल्यासारख्या. वरून नदी पाहिली, पूल पाहिला, ईशाकडून फोटो काढून घेतला आणि तशाच भराभर खाली आल्या. ईशा त्यांच्या मागे धापा टाकत होती.

"वहिनी, तुमचे गुडघे?"

"कधीच बरे झाले. हे कामावर गेले की मी पार्कमध्ये फेऱ्या मारते. फिजिओने व्यायाम दिले होते, ते करते." मग त्या खालच्या वळणाकडे बघत म्हणाल्या, "सांगू नका हं यांना."

"पण का?"

"मुलगा कॅनडाला गेल्यापासून आमच्या घरात आवाज येतो तो एसीचा. मी काही विचारलं की 'हं'. लिस्बनला माझा गुडघा धरला, मी बसले, आणि हे समोर उभे राहून बोलायला लागले. मला आधी वाटलं यांनाच काहीतरी होतंय. किती वेळ बोलले! कुठला राजा, कुठली राणी, सगळं खोटं. पण माझ्याकडे बघून बोलत होते." त्यांनी खोचलेला पदर सोडला. "गुडघे बरे झाले असं कळलं तर हे पुन्हा गप्प."

ईशाने फोन खिशात ठेवला.

खालून हाक आली, "नलू! मिळालं! यल्ला!"

वहिनींनी एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने कठडा धरला, आणि एकेक पायरी सावकाश उतरायला लागल्या. केळुसकर अर्ध्या वाटेत त्यांना न्यायला आले. बाकडं झाडाखाली होतं, सावली होती, पाठीला टेकू होता. नदी मात्र तिथून दिसत नव्हती. समोर एक बुटकी, पिवळ्या भिंतींची इमारत होती. वहिनी बसल्या. केळुसकरांनी हात मागे बांधले.

"शत्रूचा वेढा पडला तेव्हा राजाने आपली शेवटची रात्र या वास्तूत काढली," ते म्हणाले. "एकटाच होता. बाहेर बर्फ पडत होतं."

"अगबाई. आणि राणी?" वहिनींनी विचारलं.

"राणी दाराशी आली. पण पहारेकऱ्यांनी तिला आत सोडलं नाही."

दारं दोन होती. एकावर पुरुषाचं चित्र होतं, दुसऱ्यावर बाईचं, आणि आत जायला सुटी नाणी लागत होती.