खरवंडीकरांचं कुंपण

"निवडुंग लावतो! मग ससा सोड, हत्ती आला तरी हात जोडून परत जाईल!" प्रल्हादराव खरवंडीकरांनी जाहीर केलं.

प्रल्हादराव टूसॉनला सॉफ्टवेअरमध्ये असले, तरी मूळचे नगरकडचे. त्यांच्या गावात निवडुंगाच्या कुंपणाला गुरं लांबूनच वळसा घालत. आता ॲरिझोनातल्या त्यांच्या परसात शैलजाबाईंनी अळू लावलं होतं, आणि गणपतीला महाराष्ट्र मंडळात मी अळूचं फदफदं करणार, असं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. तेवढ्यात ससे यायला लागले. बाईंचा जीव टांगणीला लागला.

शेजाऱ्याने आपला निवडुंग छाटलाच होता. त्याच्या फड्या प्रल्हादरावांनी फुकटात आणल्या, अळूभोवती रोवल्या. बोटांतले काटे निघायला आठवडा लागला, पण ससे गेले!

"बघितलंस? गावाकडचं ज्ञान आहे हे!"

ऑगस्टमध्ये मात्र फड्यांचे लचके तुटलेले दिसायला लागले. निवडुंगाला कोण तोंड लावणार? प्रल्हादरावांनी निदान केलं, झाडं अशक्त झालीत, आपोआप झडताहेत. मग त्यांनी रोज पाणी सुरू केलं. हार्डवेअरच्या दुकानातून खताची गोणी आणली. फड्या अशा टम्म झाल्या, की बघणाऱ्याने दृष्ट काढावी!

"अहो, पण मंडळाची पोरं आपल्याकडे खेळायला येतात. कुणाला काटा लागला तर?" शैलजाबाईंनी शंका काढली.

प्रल्हादरावांनी त्या शंकेचाही बंदोबस्त केला. गॅसचा बर्नर आणून बाहेरच्या बाजूचे सगळे काटे भाजून काढले. कुंपण कसं गुळगुळीत दाढी केल्यासारखं दिसायला लागलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी शैलजाबाई अळू कापायला परसात गेल्या आणि किंचाळल्या. प्रल्हादराव तोंडातल्या ब्रशसकट धावले. परसात हाव्हेलिनांचा कळप! रानडुकरासारखी दिसणारी ही इथली जनावरं कुंपण मचामचा खात होती, आणि ज्यांचं कुंपण खाऊन झालं होतं ती अळूचे कंद उकरत होती.

"हाड! हाड!" प्रल्हादराव ओरडले. एका हाव्हेलिनाने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा घास घेतला.

शेवटी शैलजाबाईंनी परात बडवली तेव्हा कळप गेला. अळूचं पानही शिल्लक नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने तळहाताच्या फोडासारखं जपलेलं अळू!

मग मंडळातल्या कादंबरीला बोलावलं. ही पुण्याची मुलगी युनिव्हर्सिटीत निवडुंगाच्या पोषणमूल्यांवर पीएचडी करत होती. तिने उरलेली फडी हातात घेतली आणि तिचा चेहरा उजळला.

"काका, याला फर्टिलायझर दिलंत?"

"भरपूर!"

"वा! निवडुंगात बहुतेक पाणी असतं, थोडी साखर, कॅल्शियम. प्रोटीन फारच कमी. पण खत घातलं की तेही वाढतं. तुम्ही त्यांना एकदम हाय-प्रोटीन ब्रेकफास्ट दिलात!"

"पण अळू? त्याने तर घसा खाजतो!"

"ते ऑक्झलेटमुळे. निवडुंगातही तेच असतं, काका. त्यांना सवय आहे."

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. प्रल्हादरावांनी सगळं रडगाणं ऐकवलं. पलीकडे आई हसायला लागली ती थांबेचना.

"अरे, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजोबांनी काटे भाजूनच तर निवडुंग गुरांना घातला! भाजल्यावर जनावर सोडतंय होय? कुंपण करायचं तर काटे कशाला भाजलेस, बाळा?"

फोन स्पीकरवर होता. शैलजाबाई आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनाही हसू फुटलं.

"काकू, इथे माणसंही खातात हे," कादंबरी म्हणाली. "मेक्सिकन दुकानात भाजीच्या सेक्शनला मिळतं. जरा आंबट, बुळबुळीत."

"बुळबुळीत?" शैलजाबाईंनी पदर खोचला. उरलेल्या फड्या सोलल्या, चिरल्या. त्यात चण्याची डाळ, शेंगदाणे, गूळ आणि वरून फोडणी.

दुसऱ्या दिवशी मंडळात पातेलं चाटूनपुसून साफ होत आलं. अध्यक्ष नीलाताईंनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "शैलजा, असं अळू मी भारतातसुद्धा खाल्लं नाही! पण काय गं, इथल्या जनावरांपासून राखलंस कसं?"

"ह्यांनी कुंपण घातलं होतं ना," शैलजाबाई गोड आवाजात म्हणाल्या.

सगळ्यांनी कौतुकाने प्रल्हादरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्याने आपलं कुंपण आणखी थोडं वाढून घेतलं.