नऊशे सोळाचा जावई

होणाऱ्या सासऱ्यांनी कौतुकानं बोटात अंगठी चढवली, आणि नवरदेवानं ती तिथल्या तिथं काढून, खिशातलं भिंग डोळ्याला लावून आतला शिक्का वाचला. बिचारा काय करणार? अकरा वर्षं तो दागिन्यांची शुद्धता तपासणाऱ्या केंद्रात परीक्षक होता. हाताला सोनं लागलं की भिंग आपोआप वर जायचं. जित्याची खोड!

"काय, खोटी निघाली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे छे! नऊशे सोळा आहे. बावीस कॅरेट. अगदी खरी!"

"म्हणजे शंका होती तर!"

सतरा नकारांनंतर हे लग्न जमलं होतं, आणि मुलगी त्याला मनापासून आवडली होती. आत्ताच त्यानं तिलाही अंगठी घातली होती. तीही अंगठी आता परत येणार, असं त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई मदतीला धावल्या. "अहो, चिडता काय? घरात पारखी येतोय! जावईबापू, माझाही हार बघा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलाय ह्यांनी. बावीस कॅरेटचा."

"राहू दे गं," सासरे एकदम मऊ झाले. "जेवणं व्हायचीत अजून."

पण हार हातात आलाच. कडीजवळ शिक्का होता: ५८५. म्हणजे चौदा कॅरेट, निम्म्याहून जरासंच जास्त सोनं. त्यानं मान वर केली, तर सासूबाईंच्या पाठीमागे सासरे हात जोडून उभे!

खरं सांगावं तर सासरा जातो, आणि त्याच्याबरोबर लग्नही. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून एक आकडा चुकीचा गेला नव्हता. त्याला रडूच यायला लागलं.

"नऊशे सोळा," तो पुटपुटला.

सासऱ्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. "मुलगा म्हणजे बावनकशी सोनं आहे!" असं म्हणत त्यांनी उभ्या उभ्या लग्नाची तारीखही पक्की केली.

मिठीतून सुटून तो वळला, तर मुलीनं त्यानं टेबलावर ठेवलेलं भिंग उचलून हाराच्या कडीवर धरलेलं.

"इथं पाचशे पंच्याऐंशी दिसतंय," ती आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली.

"हं."

"आणि तुम्ही मला घातलेली ही अंगठी?"

"नऊशे सोळा!" तो कळवळून म्हणाला. "आईशपथ, नऊशे सोळा!"

आणि ती खरोखरच तेवढी होती.

"हो का? आईच्या हारासारखीच ना?" ती म्हणाली, आणि तिनं भिंग आपल्या पर्समध्ये टाकलं.