थांबविणे विरुद्ध स्थगित करणे : मान्यतेच्या मोहिमेची हकीकत

सकल बाजारांची चढउतार ज्याचे मर्जीने होते त्या जगन्नियंत्यास नमन करून लिहिण्यास कारण ऐसे जे, परमुलखीच्या शेअरबाजाराचा कायदा आपल्या कायद्याच्या तोडीचा मानावा की न मानावा, या बाबे सरकारी कचेरीत तुंबळ संग्राम जाहला, त्याविषयी लोक भलतेसलते बोलतात, सबब खरी हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठमसाला न घालता, कलमबंद केली आहे.

कचेरीत परदेशी मान्यता खाते म्हणून एक खाते, त्याचा अंमल एका बाईंकडे होता. बाई मोठ्या धोरणी, आवाज कधी चढवीत नसत, फक्त चष्मा पुसीत, आणि चष्मा पुसू लागल्या म्हणजे भलेभले अंमलदार खुर्चीसकट मागे सरत. त्यांचे हाताखाली कायदेतपासनीस म्हणून खुद्द त्यांचे धाकटे दीर चाकरीस होते, त्यांस कचेरीने स्वल्पविरामराव हा किताब बहाल केला होता, कारण मजकुरात स्वल्पविराम कमी पडला तर त्यांस जेवण गोड लागत नसे. घरी ते बाईंस वहिनी म्हणत आणि कचेरीत मॅडम, आणि या शिरस्त्यात आजवर तिळभर कसूर जाहली नव्हती.

शेजारमुलखाशी मान्यतेचा जुना करार संग्रामाचे दिवशीच सायंकाळी सरत होता. नवी मान्यता न मिळाली तर हद्दीपलीकडे सौदे करणाऱ्या आपल्या दलालांचे संगणकांचे पडदे काळे पडणार, आणि त्यांचे पदरी जी माणसे त्यांस घरी बसावे लागणार, ऐसा बाका प्रसंग. म्हणोन शेजारमुलखाचे वकील सकाळीच तहाचे बोलणे करण्यास आले. गृहस्थ भारदस्त, मिशा पांढऱ्या, भाषा उभय मुलखांची एकच, कायदा मात्र निराळा. मग कलमामागून कलम ताडून पाहिले आणि सारी जुळली, आणि बाईंनी मोहोर मागविली, तोच स्वल्पविरामरावांनी हात वर केला.

भाव एकाएकी कोसळले असता आपला कायदा म्हणतो, सौदे 'स्थगित करावेत'. त्यांचा कायदा म्हणतो, सौदे 'थांबवावेत'. सबब दोन्ही कायदे एक नव्हेत, ऐसा त्यांनी निवाडा दिला, आणि त्यांच्या सहीविना मोहोर उमटत नसे.

वकीलसाहेबांनी नम्रपणे अर्ज केला की शब्द निराळा असला तरी सौदे बंद पडतात ते पडतातच, गुंतवणूकदार वाचतो तो वाचतोच. स्वल्पविरामरावांनी जबाब केला की थांबलेला मनुष्य बसू शकतो, स्थगित मनुष्यास बसण्याची मुभा नाही. हे ऐकून वकीलसाहेबांची मुद्रा लाल जाहली, आणि मग शब्दकोश मागविले, आणि दोहींकडून पानांचा मारा जाहला, आणि दुपार ढळली तरी कोणी हटेना. अखेरीस वकीलसाहेबांनी बॅग उचलली आणि फर्माविले की आमचे मुलखाची ऐसी बेअदबी जाहली तर आम्ही निघालो. बाईंनी चष्मा पुसला आणि दिरांस हुकूम केला की पाहुण्यांस दरवाजापावेतो पोचवून यावे, रीत सोडू नये.

उभय सरदार लिफ्टमध्ये शिरले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आली, तिने एक हिसका दिला, आणि अडकली. मग दिवा गेला. मग पंखाही गेला. स्वल्पविरामरावांनी सारी बटणे दाबून पाहिली, दारावर मुष्टिप्रहार केले, आणि अंगास दरदरून घाम सुटला तेव्हा आजन्माचा शिरस्ता मोडून आरोळी ठोकिली.

"वहिनी! अहो वहिनी!"

कचेरी लोटली. बाई जिन्याने खाली आल्या आणि दाराच्या फटीशी वाकल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा येत आहे, ऐसी खबर त्यांनी प्रथम दिली, आतील मंडळी धडधाकट आहेत याची खातरजमा केली, आणि मग शांतपणे चष्मा पुसला.

"भावजी, एक सांगा. लिफ्ट थांबलीय की स्थगित झालीय?"

"वहिनी, ही काय वेळ आहे का?"

"नाही, दुरुस्तीवाल्याला नीट सांगायला हवं ना. उगाच चुकीचा शब्द जायचा."

"अहो, काहीही सांगा! शब्दाने काय फरक पडतो? अडकलोय ते अडकलोयच ना!"

तोच अंधारातून वकीलसाहेबांचा आवाज आला.

"साहेब, सकाळपासून मी दुसरं काय सांगत होतो?"

यावर स्वल्पविरामराव प्रथम खोकले, आणि मग ऐसे हसू लागले की वकीलसाहेबांसही हसू आवरेना, आणि दोघांच्या हसण्याने लिफ्ट हलू लागली तेव्हा दोघेही घाबरून एकमेकांस बिलगले. बाईंनी मान्यतेचा कागद फटीतून आत सरकविला, मोबाईलचा उजेड धरून वकीलसाहेबांनी पाठ पुढे केली, आणि त्या पाठीवर कागद टेकून स्वल्पविरामरावांनी 'हरकत नाही' ऐसा शेरा मारून सही ठोकिली. दलालांचे पडदे काळे पडण्यापूर्वी बाईंची मोहोर उमटली.

येणेप्रमाणे परमुलखीचा कायदा शब्दाने निराळा परंतु गुणाने आपलाच, ऐसे ठरून मान्यता कायम जाहली, दलालांची चाकरमंडळी निर्धास्त जाहली, आणि फत्ते बाईंचे नावे दप्तरी दाखल केली. उभय सरदारांची सुटका जाहली. मग दोघे हातात हात घालून खाली उतरले, जिन्याने.