मातीचा उसासा

जगातलं कुठलंही काम मी यंत्राकडून करून घेऊ शकते! रसायनशास्त्राची पदवी मी काही भिंतीवर टांगायला घेतलेली नाही. (तशी ती टांगलेलीच आहे, पण ती मामीने.)

मामाचा छोटासा द्राक्षमळा आहे. मामा, मामी आणि सुट्टीपुरती मी, एवढाच कारभार. मामाची वाइन निसर्गाच्या कलाने बनते. मळ्यात औषधं नाहीत, वाइनमध्ये बाहेरचं यीस्ट नाही. खतासाठी गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, थंडी सरली की उकरायचं, त्यातलं थोडंसं पाण्यात तासभर ढवळायचं आणि संध्याकाळी मातीवर शिंपडायचं. ढवळायचीही रीत आहे. एका दिशेने फिरवत खोल भोवरा करायचा, तो मोडायचा, मग उलट दिशेने.

"आणि ढवळताना मन शांत हवं," मामा म्हणतो. "पाण्याला सगळं कळतं."

"पाण्याला कसं कळेल, मामा? त्याला मेंदू कुठाय?"

"तुला आहे ना? मग तुला का कळत नाही?"

त्या दिवशी तपासनीस बाई ही शिंपणी बघायला यायच्या होत्या. त्यांनी मळा पास केला, की बाटलीवर 'नैसर्गिक' असं छापता येणार होतं. मामा कित्येक वर्षं या एका शब्दासाठी झुरत होता. आणि नेमका त्याच सकाळी त्याचा खांदा धरला!

"आज तू ढवळ, बाळा. माझी लाज तुझ्या हातात."

हातात कशाला? इकडे फिरायचं, थांबायचं, तिकडे फिरायचं... हे करणारं यंत्र वाइनच्या तळघराच्या दाराशी उभंच होतं की! वॉशिंग मशीन!

साबणाचा अंशही उरू नये म्हणून मी ते पुन्हापुन्हा धुतलं, पाणी तपासलं. मग शिंगातलं अर्धं खत आत टाकलं, झाकण लावलं आणि काचेतून पाहत बसले. तपकिरी भोवरा हळूहळू खोल जायचा, विरघळायचा, पुन्हा उमलायचा. एखादी आकाशगंगा मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटत होतं. मन इतकं शांत झालं, की मी झोपलेच!

जाग आली ती लिंबाच्या वासाने. झाकणाखालून फेस बाहेर येत होता, उतू जाणाऱ्या दुधासारखा.

"मामी! यात काय टाकलंस?"

"साबण. केवढं गढूळ पाणी ते! म्हटलं, पोरगी मळ्यात लोळून आलीय, दमून झोपलीय, आपणच टाकू. जरा जास्तच टाकला."

"अगं, यात कपडे नव्हते!"

"मग काय होतं?"

"शेण!"

मामीने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, भिंतीवरची पदवी आत्ताच्या आत्ता खाली उतरणार! मग फेस बाहेर घालवायला तिने तळघरातला मोठा पंखा सुरू केला. घालवलाही! दारातून थेट मळ्यात!

बाहेर उन्हं कलली होती. बुडबुडे वेलींवरून तरंगत निघाले. प्रत्येकात एक इवलासा उलटा मळा, एक इवलासा सोनेरी सूर्य. रांगेच्या टोकाशी मामा आणि तपासनीस बाई माना वर करून उभे.

"हे काय आहे?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

मामाचे डोळे भरून आले. "माती... उसासा सोडतेय, बाई!"

एक बुडबुडा बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर फुटला. बाईंनी वास घेतला.

"तुमची माती लिंबाच्या साबणाने आंघोळ करते का?"

कोपरापर्यंत फेस माखलेली मी पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. मामा पालथ्या क्रेटवर बसून नुसता वेलींकडे पाहत राहिला. तो ओरडला असता तर परवडलं असतं!

"शिंगात अर्धं उरलंय," मी म्हटलं. "मी हाताने ढवळते."

बाईंनी सूर्याकडे पाहिलं. "ढवळा."

मी लाकडी पिंपात काठी फिरवायला लागले. आधी खांदे दुखले, मग दुखायचे थांबले. भोवऱ्याच्या तळाशी आभाळ उतरलं होतं. ते मोडायचं, पुन्हा गोळा करायचं. थांबले तेव्हा मामा शेजारी उभा होता. पाण्याला काही कळलं की नाही, हे मी विचारलं नाही. बाईंच्या देखत आम्ही दोघांनी ते मातीवर शिंपडलं.

"फेस फक्त कुंपणालगतच्या रांगेवर बसलाय," बाई म्हणाल्या. "ती वगळून बाकी मळा नैसर्गिक." मामाने दुखऱ्या हातानेच त्यांना नमस्कार केला. जाता जाता बाई माझ्याकडे वळल्या. "यंत्राने ढवळायला आमची हरकत नसते हं! फक्त त्यात मोजे धुतलेले नसावेत."

त्या वगळलेल्या रांगेची वाइन मामाने घरासाठी वेगळी ठेवली. पुढे एकदा ती उघडली, तर काय सांगू! सगळ्या मळ्यात तिच्या तोडीची दुसरी नाही! मामा चकित. मी लगेच कुंपणाची सावली, मातीचा उतार, वाऱ्याची दिशा असं सगळं समजावून सांगायला बसले.

मामीने शांतपणे पेला खाली ठेवला.

"त्यात काय एवढं? अख्ख्या मळ्यात धुतलेली रांग ती एकच!"