साडेसात मिनिटांचा प्रमोद

प्रमोद गात असताना कोणी मधेच टाळ्या वाजवल्या, तर तो थांबतो, गिटारच्या तारांवर हात ठेवतो आणि गाणं पहिल्यापासून सुरू करतो. कोणी खोकलं तर चालतं. मोबाइल वाजला तर आठी घालून पुढे जातो. पण गाणं संपलं असं समजून कोणी दाद दिली की झालंच. "पूर्न आयका, मंग बोला," म्हणतो आणि पुन्हा शून्यापासून. गाणं साडेसात मिनिटांचं. त्यातल्या पहिल्या तीन मिनिटांत शब्दच नाहीत. त्यामुळे आमच्या कामरगावात प्रमोदसाठी आता कोणी टाळी वाजवत नाही, आणि त्याला वाटतं लोकांचे कान तयार झाले.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए., सेकंड क्लास, एकही विषय न राहता. हे सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. गावात न समजणारं काही आलं, पीकविम्याचा कागद असो की कोर्टाची नोटीस, की लोक माझ्याकडे येतात. तीन वर्षांपूर्वी प्रमोद पुण्याहून गिटार आणि कपाटाएवढा स्पीकर घेऊन परत आला, तेव्हाही आले.

"तू शिकेल आहेस. हे काय वाजवून राह्यला तो?" पानठेल्यावर उत्तमभाऊंनी विचारलं.

मी रात्रीच मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "त्याला पर्यायी रॉक म्हणतात, भाऊ."

"पर्यायी म्हंजे?"

"म्हणजे बाकीचे जे करतात, ते करायचं नाही."

"हात लेका. ते तं तो लहानपनापासून करून राह्यला."

त्यात खोटं काही नव्हतं. अमरावतीला डिप्लोमा शेवटच्या वर्षाला सोडून हा पुण्याला गेला. तिथे चार पोरांचा बँड होता, आणि गाणी सगळी प्रमोदची. 'डीपी जळाली', म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, आणि 'दुपारची एस्टी'. प्रेमाचं एकही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "प्रेमाले लय जन आहेत. डीपीले कोन आहे?"

मग एकाएकी बँड सोडून गावात आला. नापास होऊन आला, असं गावानं ठरवलं. त्यानं ना हो म्हटलं, ना नाही. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिथेच 'धुऱ्यावर' बांधलं, तेच साडेसात मिनिटांचं. त्याच साली त्याच्या वडिलांचं, नामदेवकाकांचं, घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. आता बोलतात ती नुसती फुंकर. कान तोंडाजवळ न्यावा लागतो. उत्तमभाऊ म्हणायचे, "एका घरात एकाचा आवाज निंगत नाई, अन् दुसऱ्याचा थांबत नाई." मुलाच्या गाण्याबद्दल काका चांगलं-वाईट काहीच बोलले नव्हते. बाकी गाव तेवढं बोलत होतं.

चुलतबहिणीच्या लग्नात प्रमोदनं 'धुऱ्यावर' गायला घेतलं. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी त्याच्या तोंडापुढचा माइक ओढून सांगितलं, "पांढरी जीप सैपाकाच्या रस्त्यात उभी आहे, ज्याची असन त्यानं काढा." प्रमोद पहिल्यापासून. मग त्याच माइकवरून हळदीकुंकवाच्या ताटाची चौकशी झाली. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी नवरदेवाच्या मावशीनं माझ्या बाहीला धरलं. "बाबू, त्या पोट्ट्याची मशीन बिघडली दिसते. दुरुस्त कराले कोनी नाई काय गावात?" काय सांगणार? गावात मशीन दुरुस्त करणारा तोच होता.

खरं सांगतो, मीही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं. पदवी असली तरी माणसाला मर्यादा असतात. शेवटी काय आहे हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

पण प्रमोदचं नाव पसरलं ते एका चुकीमुळे. आमच्याकडे रोह्यांचा त्रास फार. सकाळ-संध्याकाळ नीलगाईंचा कळप वावरात शिरतो आणि उभी तूर खाऊन जातो. म्हणून शेतकरी बांबूवर भोंगा लावतात. त्याला मेमरी कार्ड, बॅटरी आणि वर ती उन्हावर भरणारी सोलरची पाटी. कार्डात कुत्र्याचं भुंकणं किंवा फटाके भरलेले असतात. ते कार्ड भरून द्यायचं काम प्रमोदच्या दुकानात होतं. इंझोरीचे विश्वासराव कुत्र्याचं कार्ड न्यायला आले आणि प्रमोदनं गडबडीत 'धुऱ्यावर'चं कार्ड दिलं.

आठ दिवसांनी विश्वासराव परत आले. मी तिथेच बसलो होतो.

"कोनत्या जातीचं कुत्रं होतं गा ते? एकबी रोही टिकलं नाई."

प्रमोदचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ते गानं होतं, काका. मी गायेल."

"असं काय," विश्वासराव म्हणाले आणि थोडा वेळ त्याच्याकडे काळजीनं पाहत राहिले. "तब्बेत बरी आहे ना आता?"

पण त्यांनी शेजाऱ्यांसाठी आणखी चार कार्डं नेली. मग आसेगावचे लोक आले. "रोह्याचं गानं द्या," म्हणायचे. प्रमोदला आधी लागलं. मग पंधरा दिवसांत मला म्हणाला, "पुन्यात चार वर्सात जेवढं वाजलं नाई, तेवढं इथं एका दिवसात वाजून राह्यलं. पब्लिक पळून जाते, ते वेगळं."

हंगाम सरत आला तसे विश्वासराव एक तक्रार घेऊन आले. "सुरवातीले रोही पळत नाई गा. आरामात चरते. अगदी शेवटी एक आवाज येते, तवा उधळते. तू तेवढाच आवाज भरून दे. बाकीचं काढून टाक."

आजूबाजूच्या चार गावांची हीच मागणी होती. मी म्हटलं, "दे ना कापून. लोक नाव घेतील."

प्रमोदनं मान हलवली. "नाई. पूर्न आयकाव लागन. रोह्याले बी."

"मग लोक कुत्र्याचं कार्ड नेतील."

"नेऊ द्या."

आणि लोकांनी नेलं. इंझोरी गेली, आसेगाव गेलं. प्रमोद दिवसभर दुकानात भुंकणं भरत बसायचा. गाणं म्हणेनासा झाला. मला त्याचा राग आला होता. एक आवाज कापायचा, तर एवढं काय अडलं होतं?

त्यानंतर एका दुपारी नामदेवकाकांची एका अर्जावर सही हवी होती. काका वावरात होते. प्रमोदच्याच गाडीवर आम्ही गेलो. तूर निघून महिना झाला होता. वावरात नुसत्या धसकटांच्या ओळी. राखायला काडी नव्हती. तरी लांबूनच भोंगा ऐकू येत होता.

*धुऱ्यावर कोन उभं हाय,*
*आवाज देऊन तं पाय...*

काका बांबूखाली पोत्यावर बसले होते. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोचलो तेव्हा गाणं शेवटाला आलं होतं. गिटार थांबली. क्षणभर काहीच नाही. आणि मग भोंग्यातून हाक आली, "होऽऽऽ हुर्रऽऽऽ... आलो रेऽऽऽ..."

ही हाक ऐकत मी लहानाचा मोठा झालो. सकाळी मचाणावरून काका ही हाक द्यायचे, ती अख्ख्या शिवारात जायची. आमचं वावर तीन वावरं पलीकडे. तिथे माझी आई या हाकेवर चहा मांडायची.

काकांनी मला जवळ बोलावलं. मी कान खाली नेला.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी," ती फुंकर म्हणाली, "पुन्याहून आला अन् मले मचानावर चढवलं. नवा फोन चेक करतो म्हने. सात डाव ओरडाले लावलं."

प्रमोद गाडीचा आरसा पुसत होता. आरसा स्वच्छच होता.

मी विचारलं, "काका, तूर तर निघाली. भोंगा कशाला लावलाय?"

काका जरा गडबडले. "बॅटरी उतरवून राह्यलो. भरेल ठेवली तं खराब होते."

भोंग्यावरची पाटी भर उन्हात तापत होती. ती बॅटरी संध्याकाळपर्यंत उतरणार नव्हती, हे मला कळत होतं. प्रमोदचा तर तो धंदाच. त्यानं पाटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"हव, बाबा. बरोबर आहे," म्हणाला आणि पोत्याच्या कडेला बसला.

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मी खिशातून अर्ज काढला.

"काका, इथं एक सही..."

काकांनी बोट वर केलं. आवाज नव्हता, पण ओठ दिसत होते.

"पूर्न आयक. मंग बोल."